पवार, ललिता

पवार, ललिता : (१८ एप्रिल १९१६–२४ फेब्रुवारी १९९८). हिंदी व मराठी चित्रपटांतील श्रेष्ठ चरित्र अभिनेत्री. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. जन्म नाशिक जिल्ह्यातील येवला येथे. वडील रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. पैठणीच्या मागांसाठी नावाजलेल्या या गावात तो धंदा घरोघर परिचयाचा. आई अंबादेवीच्या दर्शनाला गेली असता देवळाजवळच प्रसूती झाली आणि म्हणून मुलीचे नाव अंबा ठेवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. सामान्य प्रेक्षकाच्या लेखी ललिता पवार म्हणजे हिंदी पडद्यावरची खाष्ट सासू. ही ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे. सासू होण्याआधी दीड दशकाच्या आसपास त्या नायिका होत्या, आणि सासू झाल्यावरही त्यांच्या उत्तम भूमिकांपैकी निम्म्या तरी सासवांच्या नाहीत.

चित्रपटात त्या लहानपणीच आल्या. पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीशी संबंध आला आणि १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात त्यांना बालभूमिका मिळाली. याच कथेवर १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी पहिला मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना आणि अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले होते. फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी १९१८ पासून नाशकात. त्याच जिल्ह्यातली एक मुलगी पंधरा वर्षांनी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, याचे मोल त्या काळच्या घरांत चित्रपटाविषयी जो तिटकारा होता तो ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही.

तरुणपणी त्या मूकपटांच्या नायिका झाल्या. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पवार हे आडनाव तिथून आले. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. बोलपट आल्यावर कित्येक मूकपटनटांची कारकीर्द आवाजापायी आटोपली. ललिताबाईंचा आवाज खणखणीत होता, गळाही गाता होता, त्यामुळे त्या टिकल्या. ‘हिम्मत-ए-मर्दां’ (१९३५) सारख्या मारधाडपटांत त्या गाणारी, धीट, मोहक नायिका म्हणून गाजल्या. पुढे नऊवारीच्या ओच्यात किल्ल्या खोचलेल्या ललिता पवार पाहिलेल्यांना हे सांगूनही पटत नाही. १९३८ च्या ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. त्याची कथा टॉलस्टॉय यांच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवरून घेतलेली होती. विशी नुकतीच ओलांडलेली एक मराठी अभिनेत्री पदरचा पैसा घालून टॉलस्टॉय पडद्यावर आणते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकली जाते.

मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि मास्टर विनायक यांचा ‘अमृत’ (१९४१) हे त्यांचे या काळातले उल्लेखनीय चित्रपट. ‘अमृत’ची कथा वि. स. खांडेकरांची होती.

सन १९४२ च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात अपघात झाला. प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती फार जोरात बसली. डाव्या डोळ्याजवळची रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचार बराच काळ चालले, तरी डावा डोळा कायमचा अधू होऊन लहान राहिला. तेव्हा वय सव्वीस. नायिकेच्या भूमिका संपल्या.

ही हकिकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की जणू त्या चपराकीनेच अभिनेत्री घडवली असा समज झाला आहे. डोळा मिचका झाल्यामुळे चेहरा कावेबाज दिसू लागला आणि म्हणून खलभूमिका मिळाल्या, इथपर्यंत ठीक. पण ‘रामशास्त्री’ (१९४४) पाहावा. प्रभात कंपनीच्या या चित्रपटात गजानन जागीरदार रामशास्त्री होते आणि ललिताबाई आनंदीबाई. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या पत्रात ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून महाराष्ट्राच्या मनात आधीच बदनाम असलेले हे पात्र. महत्त्वाकांक्षा, संशय आणि सत्तेची चटक हे सारे त्या नजरेच्या आणि आवाजाच्या फेकीने दाखवतात. त्याला अधू डोळ्याची मदत होते, पण काम डोळा करत नाही. अपघाताआधीची पंधराएक वर्षांची मेहनत तिथे दिसते.

पन्नासचे दशक त्यांचे सर्वांत भरघोस. व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू इतकी परिणामकारक झाली, की पुढची तीस वर्षे निर्माते तीच भूमिका नावे बदलून त्यांच्याकडे आणत राहिले. टोमणा मारताना शब्द किंचित लांबवायचा, मान एका बाजूला झुकवायची, वाक्य संपले की ओठ घट्ट मिटून घ्यायचे, हे सगळे त्यांनी ठाकठीक बसवले आणि अनेक सुमार चित्रपटांत तेच पुन्हा वापरले, हेही मान्य केले पाहिजे. ‘दाग’ (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमार यांच्या आई झाल्या, दोघांच्या वयातले अंतर सात वर्षांहूनही कमी असताना.

सन १९५५ मध्ये दोन अगदी भिन्न भूमिका आल्या. गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या स्त्रीहक्कांचा कैवार घेणाऱ्या, पुरुषद्वेष्ट्या श्रीमंत सीतादेवी होत्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला आणि घटस्फोटाच्या हक्काची टर उडवणे हा चित्रपटाचा हेतू उघड होता. पटकथेने सीतादेवींवर अन्याय केला आहे. ललिताबाईंनी मात्र त्यांना विदूषक होऊ दिले नाही. त्यांच्या युक्तिवादात वजन आहे आणि आज पाहताना अनेकदा त्यांचेच म्हणणे पटते. ‘श्री ४२०’ मध्ये त्या मुंबईच्या पदपथावर केळी विकणाऱ्या बाई. नव्याने शहरात आलेल्या राज कपूरशी केळ्यांच्या भावावरून झालेली त्यांची घासाघीस ज्यांनी पाहिली, त्यांना ‘खाष्ट’ आणि ‘मायाळू’ या दोन्ही छटा एकाच सुरात कशा येतात हे कळले.

सन १९५९ तर त्यांच्या कारकिर्दीतले शिखर. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये त्या विटाळ पाळणाऱ्या, जातीचा अभिमान बाळगणाऱ्या वडीलधाऱ्या बाई झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यातच. त्या गावात जन्मलेल्या अभिनेत्रीच्या वाट्याला अस्पृश्यतेवरच्या एका महत्त्वाच्या हिंदी चित्रपटात ही भूमिका यावी, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. त्यांनी ही बाई राक्षसी केली नाही. ती प्रेमळ आजी आहे, आणि विटाळ पाळते. चित्रपट बोचतो तो यामुळे.

त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’त त्या मिसेस डिसा होत्या. भाडे थकले म्हणून तावातावाने भांडायचे आणि भाडेकरू उपाशी आहे असे दिसताच ताट वाढायचे, असा या ख्रिस्ती घरमालकिणीचा स्वभाव. शेवटी भेसळीच्या औषधाने तिचा बळी जातो. फ्रॉक, मुंबईच्या ख्रिस्ती वस्तीतली मोडकीतोडकी हिंदी आणि रागाच्या आड लपवलेली माया यांचा तोल त्यांनी असा राखला आहे, की चित्रपटाच्या नायकाइतकीच ही भूमिका लोकांच्या स्मरणात राहिली. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना याच भूमिकेसाठी मिळाले. मुखर्जींनी पुढे ‘आनंद’ (१९७१) मध्येही त्यांना रुग्णालयातील मेट्रन केले. तिथेही वरून करडी शिस्त आणि आतून जीव लावणारी हीच बाई आहे. मुखर्जींना ललिता पवार जितक्या कळल्या तितक्या फार थोड्या दिग्दर्शकांना कळल्या.

विनोदी भूमिकांकडे समीक्षकांचे लक्ष कमी गेले. ‘जंगली’ (१९६१) मध्ये घरात हसण्याला बंदी घालणारी आई आणि ‘प्रोफेसर’ (१९६२) मध्ये म्हाताऱ्याच्या वेशातील शम्मी कपूरवर भाळणारी करारी पालक या त्यातल्या ठळक. ‘प्रोफेसर’मध्ये कडक बाईला प्रेम झाल्यावर ती आरशासमोर लाजते, नटते. प्रेक्षक हसतात, पण तिची कीव किंवा किळस त्यांना येत नाही. प्रौढ स्त्रीच्या प्रेमाची निव्वळ थट्टा करण्याची चाल असलेल्या काळात हे अवघड होते.

‘संपूर्ण रामायण’मध्ये (१९६१) केलेली मंथरा त्यांनी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ (१९८७–८८) या दूरदर्शन मालिकेत पुन्हा साकारली. सत्तरी ओलांडलेली ही अभिनेत्री दर रविवारी सकाळी देशभर घराघरांत पोचली. ज्या पिढीने त्यांचा एकही चित्रपट पाहिला नव्हता तिलाही कैकेयीच्या कानाशी लागलेली ती कुबडी दासी माहीत झाली.

त्यांनी एकूण सातशेहून अधिक चित्रपटांत काम केले असे सांगितले जाते. मूकपटांच्या काळातील बरेच काम आज पाहायला मिळत नाही, त्यामुळे नायिका ललिता पवार यांचे मूल्यमापन अपुरेच राहते. गणपतराव पवार यांच्यापासून विभक्त झाल्यावर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला होता. अखेरच्या काळात त्यांना कर्करोगाने गाठले होते. पुण्यातील औंध येथील राहत्या घरी, सोबत कोणी नसताना, त्यांचे निधन झाले.