वाऱ्यातला विळा

पोकेमॉनच्या जुन्या खेळांत 'रेझर विंड' नावाचा एक हल्ला होता. पहिल्या फेरीत वावटळ उठवायची, घाव दुसऱ्या फेरीत. इंग्रजी नाव वस्तऱ्यावर थांबतं. १९९६च्या मूळ जपानी खेळातलं 'कामाइताची' जास्त रंगतदार. 'कामा' म्हणजे विळा, 'इताची' हा मुंगसाच्या चणीचा चपळ प्राणी. वावटळीत अंगावर अचानक चीर पडली, की ती या विळेवाल्या भुताची करणी, असं जपानी लोककथा सांगतात. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६मध्ये त्याला कागदावर पकडलं. काही जण मात्र हा शब्द 'कामाए-ताची', म्हणजे पवित्र्यात धरलेली तलवार, याचा अपभ्रंश मानतात. असेल; पण मला विळाच आवडतो. आणि खेळात हा हल्ला उडणाऱ्यांच्या नव्हे, चक्क 'नॉर्मल' प्रकारात मोडायचा!