व्हायोलिन व चेलो : दुरुस्ती, निगा व खरेदी

गजाने वाजविल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य तंतुवाद्यांपैकी ही दोन प्रमुख वाद्ये. ती तीनशे-चारशे वर्षे वापरात राहू शकतात, याचे मुख्य कारण त्यांच्या रचनेत आहे. वाद्याच्या पोकळ पेटीची वरची व खालची फळी बाजूच्या पातळ पट्ट्यांना जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडलेली असते. हा सरस ओलावा व ऊब यांनी सुटतो. त्यामुळे लाकडाला इजा न करता पेटी उकलता येते व पुन्हा बंद करता येते. या वाद्यांचा इतिहास म्हणूनच पुष्कळ अंशी त्यांच्या दुरुस्तीचाही इतिहास आहे.

इटलीतील क्रेमोना येथे आंद्रेआ आमाती याने सोळाव्या शतकात व्हायोलिनला निश्चित रूप दिले. आंतोन्यो स्त्रादीव्हारी (सु. १६४४–१७३७) याची सुमारे ६५० वाद्ये आज अस्तित्वात आहेत परंतु त्यांपैकी बहुतेक सर्व नंतर बदललेली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या सभागृहांसाठी अधिक आवाजाची गरज भासू लागली, तेव्हा जुन्या वाद्यांची मान लांब करून मागे कलविण्यात आली व खर्जाच्या तारेखालील आतली आधारपट्टी अधिक भक्कम बसविण्यात आली. मोठ्या आकाराचे जुने चेलो तर कापून लहान करण्यात आले. फ्रांस्वा तूर्त (१७४७–१८३५) याने गजाला आजचे रूप दिले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर : गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन, गायन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. तेथील वादक पुढे मुंबईत आले आणि बँडपथके, हॉटेले व चित्रपटांची वाद्यवृंदपथके यांत स्थिरावले. मुंबईत १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फुर्टाडो पेढीसारख्या दुकानांतून वाद्ये, तारा व स्वरलिपीची पुस्तके मिळत. मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. दुसरीकडे गजाननराव जोशी (१९११–८७), श्रीधर पार्सेकर (१९२०–६४), वि. गो. जोग (१९२२–२००४) व दा. के. दातार (१९३२–२०१८) यांनी हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला मानाचे स्थान मिळवून दिले.

वाद्य रुजले, तरी त्याची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची परंपरा त्या प्रमाणात रुजली नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरा व सतार बनविणारी घराणी नांदत आहेत. व्हायोलिनला महाराष्ट्रात असे गाव लाभले नाही. कोलकात्यात व्हायोलिने बनत परंतु चांगली वाद्ये प्रायः यूरोपातून येत. १९८० नंतरच्या दोन दशकांत विद्युत् वाद्यांमुळे चित्रपटांतील मोठी तंतुवाद्यपथके ओसरली आणि अनेक वाद्ये पेटीतच पडून राहिली. २००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाल्यावर या वाद्यांना पुन्हा मोठे व्यासपीठ मिळाले.

निगा : थंड हवेच्या प्रदेशातील स्प्रूस व मॅपल लाकडाच्या या वाद्यांना साधारणतः ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. वसई तालुक्यातील गाससारख्या किनाऱ्यालगतच्या गावात पावसाळ्यात ती दीर्घकाळ ८० टक्क्यांहून अधिक असते. अशा वेळी लाकूड फुगते, तारांची उंची बदलते, खुंट्या घट्ट बसतात, सरस सैल पडतो आणि गजाचे केस लांबतात. हिवाळ्यातील कोरड्या हवेत उलट खुंट्या निसटतात व सांधे उघडतात. वाद्य भिंतीला टेकवून किंवा ओलसर कपाटात ठेवू नये. पेटी अधूनमधून उघडून वाद्य वाजविणे हितावह, कारण बंद काळोखात गजाच्या केसांना कीड लागते. वादनानंतर राळेची पूड कोरड्या मऊ फडक्याने पुसावी व गज सैल करावा. सर्व तारा एकाच वेळी सोडू नयेत. कारण घोडी व आतील नादस्तंभ हे दोन्ही केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहतात.

दुरुस्ती : उघडलेला सांधा ही वाद्याची किरकोळ तक्रार होय. सुकताना लाकूड आकसते, तेव्हा सरसाचा सांधा सुटून फळी फुटण्यापासून वाचते. हाच सांधा सुतारकामाच्या पक्क्या डिंकाने चिकटविल्यास ताण लाकडावर येऊन फळीच चिरते व पुढची दुरुस्ती दुष्कर होते. किनाऱ्यावरील पुष्कळ वाद्ये वयापेक्षा अशा उपायांनीच निकामी झाली आहेत. चीर सरसाने जोडून आतून लाकडाचे छोटे तुकडे लावणे, झिजलेली बोटपट्टी रंधून सपाट करणे, रुंदावलेली खुंटीची भोके बुजवून पुन्हा पाडणे आणि खाली आलेली मान पूर्वकोनात बसविणे ही जाणकाराची कामे आहेत. चेलोत तारांचा ताण अधिक असल्याने मान खाली येण्याचा दोष विशेष आढळतो.

खरेदी : आतील चिठ्ठीवर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील मिरकूर, जर्मनीतील मिटेनवाल्ट व मार्कनॉइकिर्खेन येथे वाद्यांचे प्रचंड उत्पादन झाले व त्यांवर स्त्रादीव्हारीच्या नावाच्या चिठ्ठ्या सर्रास लावल्या गेल्या. चिठ्ठीवर इंग्रजीत देशाचे नाव असल्यास ते वाद्य बहुधा १८९१ नंतरचे समजावे, कारण १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर ते बंधनकारक केले. खरेदीपूर्वी मान सरळ आहे काय, घोडीखालची फळी बसली आहे काय आणि सांधे बोटाने ठोकल्यास खडखडतात काय, हे पाहावे. पाठीवर नादस्तंभाजवळ चीर असल्यास मूल्य फार घटते. मोठ्या व्हायोलिनची पेटी सु. ३५.५ सेंमी. व चेलोची सु. ७५ सेंमी. असते, मुलांसाठी पाऊण व अर्ध्या मापाची वाद्ये मिळतात. गजासाठी वापरल्या जाणाऱ्या पेर्नांबुको लाकडाच्या व्यापारावर २००७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध लागू झाले आहेत.

घराण्यात चालत आलेले, चिठ्ठी नसलेले परंतु सरसाने नीट जुळविलेले वाद्य हे नामांकित चिठ्ठीच्या पण पक्क्या डिंकाने चिकटविलेल्या वाद्यापेक्षा अधिक मोलाचे असते. पुढील पिढीतील कारागीर ते पुन्हा उकलू शकतो.