जुन्या धनुष्याचा कर्ता कोण? अनामिक कमानगराचा शोध

१/
काळाचौकीतील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात मुंबई महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे. गिरणगावातील यंत्रांचे कर्ते शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या विलायती कारखान्यांनी मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवली आणि त्यांच्या बिडाच्या चौकटींवर आपले नाव ठसठशीत ओतून ठेवले. त्या यंत्रांवर निघालेल्या कापडावर गिरणीचा छाप पडे. साच्यावर उभे राहून ते विणणाऱ्याचे नाव कापडावर कुठेच नसे.

२/
वस्तूवर कोणाचे नाव राहते आणि कोणाचे पुसले जाते, हा प्रश्न गिरण्यांहून पुष्कळ जुना आहे. मोगलकालीन धनुष्यापुढे उभे राहिले की तो विशेष जाणवतो. संग्रहालयाच्या कपाटात, लिलावात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असे धनुष्य दिसते आणि पाहणारा विचारतो, हे केले कोणी? त्याचे उत्तर कसे शोधतात, ते कुठवर मिळते आणि जिथे मिळत नाही तिथे काय लिहावे, याविषयी हा धागा.

३/
प्रथम धनुष्याचा प्रकार. सह्याद्री-सातपुड्यातील आदिवासींचा तीरकमठा प्रामुख्याने बांबूचा असतो. एकाच द्रव्याचा आणि साध्या वळणाचा. मोगल व दख्खनी स्वारांच्या हातातील कमान वेगळी. ती तीन द्रव्यांची जोडकमान असे : मध्ये लाकडाचा गाभा, तिरंदाजाकडील अंगास म्हशीचे शिंग आणि बाहेरील अंगास जनावराच्या कंडरांचे तंतू. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात आणि सरस या दोघांना लाकडाशी एकजीव करतो.

४/
या कमानीची टोके नेमबाजापासून दूर, पुढे वळलेली असतात. आज ज्याला रिकर्व्ह म्हणतात ते हेच वळण. ही टोके तरफेसारखी काम करतात, म्हणून आखूड धनुष्यातही पुष्कळ जोर साठतो आणि घोड्यावरून ते सहज वापरता येते. प्रत्यंचा उतरवली की ही कमान उलट दिशेने गोलाकार मिटते. खेकड्याच्या नांग्यांसारख्या या आकारामुळे पाश्चात्त्य संग्राहकांनी तिला खेकडा-धनुष्य असे नाव दिले.

५/
या मिटलेल्या आकारामुळेच जुन्या कमानींचा घात होतो. न जाणणारा मनुष्य तिचा मिटलेला बाकच खरा समजून त्याच बाजूने दोरी बांधतो. सरस वाळून ठिसूळ झालेला असतो. जोर पडताच शिंग सुटते, गाभा मोडतो, आणि कर्त्याचा माग दाखवणारे सांधेच नष्ट होतात. जुनी कमान हाती आल्यास तिला प्रत्यंचा चढवू नये, हा पहिला नियम.

६/
अशी कमान घडवणारा तो कमानगर. शिंग तासणे, तंतू सोलून विंचरणे, सरसात भिजवून थरावर थर बसवणे आणि प्रत्येक थर वाळू देणे, या कामास महिनेच्या महिने लागत. दमट हवेत सरस ढिला पडतो, म्हणून ऋतूही पाहावा लागे. वरून ओल शिरू नये म्हणून रोगण चढे आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी येई. बाण करणारा तीरगर निराळा. रंगकामही पुष्कळदा दुसऱ्याच हातचे असे. त्यामुळे ‘कर्ता कोण’ या प्रश्नाचे उत्तर क्वचितच एका माणसाचे असते.

७/
उस्मानी तुर्कस्तानात स्थिती वेगळी होती. तेथील अनेक धनुष्यांवर कारागिराचे नाव आणि हिजरी वर्ष रोगणाखाली बारीक अक्षरांत सापडते. इस्तंबूलच्या ओकमेयदान या मैदानावर दूर पल्ल्याच्या बाणफेकीच्या स्पर्धा होत आणि विक्रमाच्या जागी दगड उभारले जात. जिथे नेमबाजाचे नाव दगडावर कोरले जाई, तिथे धनुष्य करणाऱ्याच्या नावालाही मोल होते.

८/
हिंदुस्थानातील कमानींवर असे नाव दुर्मीळच. बरीचशी शस्त्रे दरबारी कारखान्यांत घडत आणि शिलेखान्यात जमा होत. तेथील हिशेबात मोजदाद नगांची आणि किमतीची. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शस्त्रांची किमतींसह यादी आहे आणि त्या यादीत कमानही आहे. त्या नोंदीतून कमानीचे मोल कळते; ती करणाऱ्या हातांविषयी काहीच कळत नाही.

९/
तरीही याच भूमीत नाव राखलेले शस्त्रकार आहेत. विजापूरची प्रसिद्ध तोफ मलिक-ए-मैदान अहमदनगरास १५४९ मध्ये ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या महंमद रूमीचे नाव तोफेवरील लेखात आजही वाचता येते. तोफ एकेकटी ओतली जाई, तिला नाव मिळे, तिचा बडेजाव होई. आणि धातूवरील अक्षर शतके टिकते. कमानी शेकड्यांनी लागत, वापरात झिजत, पुन्हा रंगवल्या जात. नाव असलेच तर तेही नव्या रोगणाखाली बुजून जाई.

१०/
मग नाव सापडले की प्रश्न सुटला काय? तलवारींचा अनुभव सावध करतो. इराणचा असदुल्ला इस्फहानी हा नामांकित लोहार. त्याचे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या दीर्घ काळात आढळते की ती सगळी एका माणसाने करणे अशक्य आहे. त्याचे नाव उत्तमपणाचा छाप बनले होते. मराठ्यांच्या आवडत्या फिरंग तलवारींचेही तसेच. युरोपातील नामांकित पात्यांवरील खुणांची नक्कल इतरत्र सर्रास होई. नाव हा पुराव्याचा आरंभ असतो. त्यापुढे पोलाद, घडण आणि अक्षरवळण यांनी त्याला दुजोरा द्यावा लागतो.

११/
दुसरा गोंधळ कर्ता आणि मालक यांच्यातला. बिकानेरच्या राजा अनुपसिंहाने औरंगजेबाच्या बाजूने दख्खनेत मोहिमा केल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस अदवानीच्या किल्ल्यातून आलेली पुष्कळ शस्त्रे बिकानेरच्या शिलेखान्यात जमा झाली, आणि त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी अक्षरे ठोकली गेली. ती अक्षरे शस्त्र कोठून आले आणि कोणाच्या ताब्यात गेले ते सांगतात. घडवणाऱ्या दख्खनी कारागिराविषयी ती मुकी आहेत. अशी खूण वाचून शस्त्राला ‘बिकानेरी बनावटीचे’ म्हणणे म्हणजे जिंकणाऱ्याला कर्ता ठरवणे होय.

१२/
नाव नसेल तेव्हा अभ्यासक वस्तूलाच साक्षीला उभे करतात. आधी आकार : मूठ आत दबलेली की फुगीर, बाहू रुंद की अरुंद, टोकांचा कोन किती, प्रत्यंचेची खाच कशी कापली आहे. या गोष्टी कारागीर गुरूकडून हातवळणाने शिकतो आणि सहसा बदलत नाही. मग चित्रकाम : रोगणावरील फुले, पाने, पक्षी यांची तुलना तारखा असलेल्या हस्तलिखितांच्या हाशियांशी करतात. इथेही जपावे लागते, कारण जुन्या कमानीवर शंभर वर्षांनंतरचे रंगकाम असू शकते.

१३/
त्यानंतर आतले अंग. क्ष-किरण छायाचित्रात शिंगाची पट्टी अखंड आहे की अनेक तुकडे जोडले आहेत, गाभ्याचे सांधे कुठे आहेत, दुरुस्ती कुठे झाली, हे दिसते. कार्बन-१४ चा उपयोग मात्र इथे बेताचाच. साधारण १६५० नंतरच्या वस्तूंबाबत ही पद्धत एका कालखंडावर ठरत नाही. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण त्या काळात वरखाली झाल्याने एकाच मापाला दोन-तीन शक्य कालखंड निघतात. शिवाय त्यासाठी वस्तूचा लहानसा का होईना, तुकडा खर्ची पडतो.

१४/
कागदपत्रांतही खाचखळगे आहेत. मराठेशाहीच्या कागदांत ‘बाण’ हा शब्द आला की नवख्या वाचकाच्या डोळ्यांपुढे धनुर्धारी उभा राहतो. त्या काळच्या लष्करी कागदांत ‘बाण’ म्हणजे बहुतेक वेळा दारू भरलेला अग्निबाण. धनुष्याच्या बाणाला तीर आणि तो सोडणाऱ्याला तिरंदाज म्हणत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. अशा कोशाच्या आधारे शब्द तपासला नाही, तर बाणांच्या हिशेबावरून नसलेली धनुष्ये इतिहासात शिरतात.

१५/
एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्यास नेमलेल्या जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याकडे होती. त्यांच्या पेटीवरील मजकूर त्यांचा संबंध थेट महाराजांशी जोडतो. मात्र १६५९ मध्ये अफझलखानाच्या वधाच्या वेळी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता येत नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने नोंदवले आहे. वस्तू जुनी असणे, तिची परंपरा जुनी असणे आणि ती परंपरा सिद्ध होणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. श्रद्धेने पाहणाऱ्यालाही त्या वेगळ्या ठेवता येतात.

१६/
धनुष्याच्या बाबतीत ही घाई अधिक महाग पडते. एखाद्या कमानीस पुराव्यावाचून थोर सेनानीचे नाव चिकटले, की तिच्या कर्त्याचा शोध तिथेच थांबतो. मालक सापडला, आता आणखी काय हवे, अशी समजूत होते. लिलावात किंमत चढते, फलकावर मोठे नाव येते, आणि महिनोन्‌महिने शिंग तासणारा कमानगर दुसऱ्यांदा पुसला जातो. पहिल्यांदा त्याला शिलेखान्याच्या हिशेबाने वगळलेले असते. दुसऱ्यांदा आपण वगळतो.

१७/
हे कारागीर गेले कुठे? बंदुकीने कमानीची मागणी संपवली, पण हात रिकामे राहिले नाहीत. कच्छमध्ये कमानगर समाजातील कारागीर कमानीवरील रंगकामाकडून भिंतींकडे वळले. हवेल्या, मंदिरे आणि वाडे यांच्या भिंतींवरील त्यांची चित्रे कमांगरी शैली म्हणून ओळखली जातात. धनुष्य गेले, तरी धंद्याचे नाव चित्रकलेला राहिले. महाराष्ट्रातही शिकलगार आणि जीनगर ही नावे शस्त्रांना धार लावणाऱ्या आणि खोगीर करणाऱ्या हातांची आठवण सांगतात. कर्त्याचा माग कधी वस्तूवर नसून आडनावांत असतो.

१८/
घरात जुनी कमान असेल तर थोडी पथ्ये पुरेशी आहेत. तेल लावू नये, घासून चकचकीत करू नये. रोगणाखालील अक्षर त्यानेच जाते. सर्व बाजूंनी, विशेषतः मूठ आणि दोन्ही टोके यांची, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. घरातील वडीलधारे त्या वस्तूविषयी जे सांगतात ते सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवावे. पुरावा म्हणून आणि सांगी म्हणून, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

१९/
आजच्या ऑलिंपिक रिकर्व्ह धनुष्याच्या बाहूंवर कंपनी, लांबी आणि पौंडांतील ताण छापलेला असतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या कमानीस हे भाग्य नाही. तिच्या फलकावर बहुधा एवढेच लिहिता येईल : ‘जोडकमान; उत्तर हिंदुस्थान किंवा दख्खन; सतरावे-अठरावे शतक; रंगकाम नंतरचे; कमानगर अज्ञात.’ या ओळीतील प्रत्येक शब्दामागे कोणीतरी सांधे पाहिलेले असतात, फुले ताडलेली असतात, खोटी नावे बाजूला सारलेली असतात. ‘कमानगर अज्ञात’ हे शब्दही तितक्याच काळजीने लिहायचे असतात, कारण ते लिहिले की निदान एक गोष्ट नोंदली जाते : हे धनुष्य कोण्या कमानगराने केले होते, आणि त्याची जागा अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.