बुद्धिबळाच्या पटावरील मराठी मुली

आपल्या बुद्धिबळाच्या पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट आणि प्यादीं आहेत. स्त्री मात्र एकहि नाहीं. युरोपांत गेल्यावर वजिराची राणी झाली. आपण त्याला वजीरच ठेवलें. पटाभोंवतींहि बहुधा हीच स्थिति असे. आमच्या भिवापुरासारख्या, मिरचीसाठीं नांवाजलेल्या गांवीं काय किंवा मुंबई-पुण्यास काय, ओसरीवर डाव रंगला म्हणजे पुरुषमंडळींचा गराडा पडावयाचा आणि घरच्या मुलीनें पाण्याचा तांब्या ठेवून माघारें वळावयाचें, ही रीत. ती कशी मोडली, हें राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासावरून कळतें.

राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९५५ सालीं एलुरू येथें झाली व रामचंद्र सप्रे ह्या मराठी खेळाडूनें डी. वेंकय्या ह्यांच्यासह तें पद मिळविलें. स्त्रियांची निराळी स्पर्धा निघावयास पुढें एकोणीस वर्षें लागलीं. १९७४ सालीं ती बंगलोर येथें प्रथम भरली आणि मुंबईच्या कु. वासंती खाडिलकर विजयी झाल्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तिघी बहिणी, म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नातवाच्या, ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांच्या, कन्या. पहिल्या दशकांतील सारीं अजिंक्यपदें ह्या एकाच घरांत राहिलीं. तोडीस तोड प्रतिस्पर्धी घरांतच असणें, हेंहि त्याचें एक कारण असावें.

परंतु खरा प्रसंग १९७६ सालचा. तेरा वर्षांच्या रोहिणीनें पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश केला आणि एकच गदारोळ उडाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें व निकाल तिच्या बाजूनें लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष आणि माजी जगज्जेते डॉ. मॅक्स युवे ह्यांनीं, स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत मज्जाव करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. मुंबईच्या एका शाळकरी मुलीच्या हट्टानें साऱ्या जगांतील मुलींसाठीं वाट मोकळी झाली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मग स्त्रियांची निराळी स्पर्धा हवीच कशाला, असा प्रश्न सहजच उभा राहतो. ती उंबरठा आहे कीं कुंपण? पुढील इतिहास उंबरठ्याच्या बाजूनें साक्ष देतो. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले ह्यांनीं प्रत्येकीं पांच वेळां हें अजिंक्यपद जिंकलें. २०२२ सालीं तें आमच्या नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिच्याकडे आलें. २०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तिनें अंतिम सामन्यांत कोनेरू हंपी ह्यांना हरवून स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. त्या विजयानें तिला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. आणि तो किताब स्त्रीपुरुषांना एकच आहे. निराळ्या दारानें गेलेली मुलगी अशी समाईक दिवाणखान्यांत पोहोंचली.

तरीहि हिशेब पुरा झालेला नाहीं. दिव्या भारताची अठ्ठ्याऐंशींवी ग्रँडमास्टर ठरली, तेव्हां त्या अठ्ठ्याऐंशींत स्त्रिया केवळ चार होत्या. उंबरठा ओलांडणें आतां मुलींना कठीण राहिलेलें नाहीं. तांब्या घेऊन आलेल्या मुलीला पटाजवळ बसवून घेणें, हें मात्र ओसरीवरील वडीलधाऱ्यांच्याच हातीं आहे.