ठिपक्यांची रांगोळी

फराळाच्या ताटातली करंजी हळूच बाजूला सारणारे मधुमेही आजोबा आज घरोघर आढळतात. त्यांना तारणारे इन्सुलिन 1921 साली टोरांटोत गवसले. पण त्याची घडण कशी आहे, हे कळायला 1969 साल उजाडावे लागले.

1934 साली केंब्रिजला बर्नाल या शास्त्रज्ञाकडे पेप्सिन या प्रथिनाचे स्फटिक आले. वाळलेल्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, तर फिल्मवर धड काही उमटेना. मग त्याने स्फटिक मूळच्या द्रावासकट काचेच्या बारीक नळीत बंद केला. आणि काय सांगावे, फिल्मवर ठिपक्यांची रांगोळीच उमटली! प्रथिनाचे घर पाण्यावर उभे. पाणी आटले की कोसळलेच. त्या दिवशी बर्नालची तरुण विद्यार्थिनी डोरोथी मात्र तेथे नव्हती. बोटे दुखत म्हणून ती लंडनला डॉक्टरांकडे गेली होती. तो संधिवात होता, जन्मभराचा.

1935 साली ऑक्सफर्डला तिने इन्सुलिनची रांगोळी मिळविली. त्या रात्री आनंदाच्या भरात ती गावाच्या रस्त्यांवरून भटकत राहिली. पण ठिपके मिळाले म्हणून रांगोळी पुरी होते का? ठिपक्याचे तेज मोजता येते. त्यामागच्या लाटेचे पाऊल केव्हा पडले, ते फिल्म सांगत नाही. आणि इन्सुलिनच्या रेणूत अणू तर जवळजवळ 800!

डोरोथीबाईंनी मग लहान रेणूंवर हात बसविला: आधी पेनिसिलिन, मग ब-12 जीवनसत्त्व. दरम्यान 1953 साली पेरुट्झने वाट दाखविली. प्रथिनात पाऱ्यासारखा जड अणू बसवायचा आणि ठिपक्यांचे तेज कसे बदलते ते पाहायचे. जत्रेत एकानेच लाल पटका बांधावा व त्याच्या खुणेने बाकीच्यांच्या जागा ठरवाव्यात, तसे. इन्सुलिनमध्ये मात्र जड अणू नीट बसविता बसविता वर्षे गेली. 1964 साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाही इन्सुलिन अपुरेच होते.

1969 साली चित्र पुरे झाले. त्या मंडळींत आपले एम. विजयन होते, पुढे बंगळूरला त्यांनी हीच विद्या अनेकांना शिकविली.

वर्गात उत्तर चटकन आले नाही की मुले पाटी पुसून टाकतात. त्यांना मी आता ही गोष्ट सांगतो. दुखऱ्या बोटांच्या या बाईने आपली पाटी 34 वर्षे पुसली नाही.