दागिन्यातला खाऊ: बोरमाळेपासून क्लेच्या वडापावापर्यंत

बचत गटांच्या प्रदर्शनांत हल्ली एक नवा माल दिसतो. नखाएवढा वडापाव, शेजारी तळलेली मिरची, खाली कानातल्याची तार. केळीच्या पानावर वाढलेलं अख्खं ताट, गळ्यात घालायला. "हे काय नवीन फॅड?" असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

मंडळी, माल नवा असला तरी हौस जुनीच आहे. आपल्या दागिन्यांची नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. बोरमाळ. पोहेहार. चिंचपेटी. जोंधळी पोत. कोल्हापुरी साजाच्या पानांत तर चक्क कारलंसुद्धा आहे! मला वाटतं, जिथे धान्य हीच संपत्ती होती, तिथे सोन्यालाही शेताचीच नावं मिळणार. आणि बोरमाळेचे मणी आतून लाखेचे, वरून सोन्याचा पातळ पत्रा. थोडक्या सोन्यात गळा भरलेला दिसावा, ही गरज तेव्हाही होतीच.

संक्रांतीला गंमत उलटी होते. तिथे खाऊचाच दागिना. खसखशीवर किंवा साबुदाण्यावर मंद आचेने साखरेच्या पाकाची पुटं चढवायची, काटा आणायचा आणि त्या हलव्याचे हार, बाजूबंद नव्या सुनेला नाहीतर बोरन्हाणाच्या बाळाला घालायचे. बाळाने तोंडात घातला तरी साखरच!

आता हा वडापाव ज्याचा बनतो ते पॉलिमर क्ले. त्याची गोष्ट जर्मनीतली. केथे क्रूझे या प्रसिद्ध बाहुल्या बनवणाऱ्या बाई. १९३९ च्या सुमारास त्यांच्या कारखान्यात बाहुल्यांच्या डोक्यांसाठी एक कृत्रिम लगदा आला. त्या कामाला तो जमला नाही. त्यांची मुलगी सोफी, घरात फिफी, तिने तो उचलला आणि त्यातून आपलं मिश्रण तयार केलं. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते विकत घेतलं आणि 'फिमो' बाजारात आलं. नावातलं 'फि' फिफीचंच.

तिकडे जपानमध्ये ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाकात मेणाच्या खाद्यपदार्थांच्या प्रतिकृतींचा धंदा सुरू केला. हॉटेलच्या काचेत मांडायला. पुढे मेण गेलं, प्लास्टिक आलं.

मुद्दा इथेच आहे. 'क्ले' म्हटलं की आपल्याला माती वाटते. पॉलिमर क्ले माती नाही. ते पीव्हीसी आहे, म्हणजे प्लास्टिकच. मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. साधारण ११० ते १३० अंशांवर भाजलं की ते पक्कं होतं. जास्त तापून करपलं, तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. आपल्याकडे कितीतरी जणी हे काम स्वयंपाकघरातच करतात. ज्या ओव्हनमध्ये केक, त्याच ओव्हनमध्ये कानातली.

काही प्लास्टिसायझरवर, म्हणजे थॅलेट्सवर, युरोपने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये खेळण्यांपुरती बंधनं आणली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं झालं. पण कानातलं हे खेळणं नाही ना! आणि दोन वर्षांच्या पोराला जिलेबी दिसली की ती तोंडात जाणारच, मग ती साखरेची असो की पीव्हीसीची.

हा धंदा बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. तासन् तास डोळे फोडून केलेलं काम आहे ते, भाव करताना याचीही आठवण ठेवा. मागणं एवढंच आहे. प्रशिक्षण देणाऱ्यांनी बायकांना पहिल्याच दिवशी हे काय आहे ते सांगावं, वेगळा छोटा ओव्हन आणि उघडी खिडकी शिकवावी. विकणारीने पाकिटावर स्वच्छ मराठीत लिहावं: 'प्लास्टिकचा दागिना, लहान मुलांपासून दूर ठेवा.'

बोरमाळेत लाख किती नि सोनं किती, हे घेणाऱ्याला सोनार सांगत असे. वडापाव कशाचा आहे, हेही घेणाऱ्याला कळायलाच हवं.