पाहुण्यांच्या तबकातील सातारा आणि सांगली

पाहुण्यांसमोर चीज आणि फळांचे तबक ठेवण्याची रीत मराठी घरांत अलीकडची. जुन्या वाड्यांत पाहुण्याला आधी गूळ-पाणी मिळे, मग फराळ. तरीही आज या तबकातील बहुतेक जिन्नस सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांतून मिळू शकतात. ते तिथे कसे पोहोचले, याचा हा धागा.

आरंभ स्ट्रॉबेरीपासून. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी हवा खाण्याचे ठाणे वसवले. ती जागा सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या राज्यातली; १८२९ च्या तहाने इंग्रजांनी ती घेतली आणि मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. ठाण्याचे नाव पडले माल्कम पेठ.

साहेबाला डोंगरावर विलायती भाजी हवी होती. ती पिकवली कैद्यांनी. माल्कम यांनी तेथे सुमारे १२० चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला होता. समुद्रापारच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा भोगायला आणलेली ही माणसे बटाटे आणि भाजीपाला लावण्यात वाकबगार निघाली. १८६४ मध्ये तुरुंग मोडला, पण बागायतीची सवय डोंगरात राहिली. इंग्रजी अमदानीत रुजलेल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. माल्कम यांचे नाव पेठेला लागले. त्या कैद्यांची नावे मात्र कुणाच्या ओठी नाहीत.

चीजचे प्रकरण वेगळे. फाटलेल्या दुधाला मराठीत 'नासले' म्हणतात, यातच बरेच काही आले. शिवाय पारंपरिक युरोपीय चीजला वासराच्या जठरातले रेनेट लागे. शाकाहारी घरांना ते चालणे शक्यच नव्हते. म्हणून इथले दूध दही, तूप, खवा, चक्का या वाटांनी गेले. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये कृष्णाकाठच्या भिलवडीत दुधाचा धंदा उभारला. नदीमुळे चारा होता आणि रेल्वेमुळे दूरची बाजारपेठ. चीज त्या दुधाच्या वाट्याला फार उशिरा आले.

तबकातील खरी गोष्ट बेदाण्याची. 'बेदाणा' म्हणजे फारसीत 'बी नसलेला'. एकेकाळी हा सुकामेवा काबूलकडून येई. मग थॉम्पसन सीडलेस हे द्राक्ष महाराष्ट्रात आले. मुळात पश्चिम आशियाचे, पण कॅलिफोर्नियातील एका बागायतदाराचे आडनाव लावून. त्यातूनच तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' हे वाण निवडले. तासगावचे पटवर्धनांचे गणपती मंदिर ज्याला ठाऊक आहे, त्याला हे नाव उलगडून सांगावे लागत नाही.

तासगावचा पूर्वभाग कमी पावसाचा. ताज्या द्राक्षाला ही कोरडी हवा मानवते, आणि सुकवायलाही तीच कामी येते. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर सैल होतो. मग शेडमधील जाळ्यांवर, सावलीत, साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार. सावली हवी ती हिरव्या रंगासाठी, कारण सौद्यात भाव रंगावर ठरतो. ताज्या द्राक्षाचा दर पडला तर बागायतदाराला दोन दिवसही थांबता येत नाही. बेदाणा मात्र शीतगृहात ठेवून तो महिनोन्महिने थांबू शकतो. कर्जाच्या हप्त्यावर चालणाऱ्या बागेत या थांबण्याची किंमत मोठी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये मानांकन मिळाले.

डोंगरावर स्ट्रॉबेरी आणि पठारावर द्राक्ष, दोन्ही ताजी असा काळ फेब्रुवारी-मार्चचाच. नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. शेडमध्ये ओल शिरली की घड काळे पडतात, आणि वर्षभर थांबण्यासाठी ठेवायचा माल मिळेल त्या भावाला त्याच आठवड्यात विकावा लागतो.